मणक्यातली गॅप आणि पार्किंगमधली गाडी

नागपुरात एप्रिल लागला की माळ्यावरचे, गच्चीवरचे कूलर खाली येतात, ताट्या बदलल्या जातात, आणि रोज संध्याकाळी बादल्यांची वाहतूक सुरू होते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात अशीच एक काठोकाठ भरलेली बादली कूलरच्या टाकीत ओतताना माझ्या कमरेत उसण भरली. उसण चार दिवसांत जाते असं लहानपणापासून ऐकलेलं. माझी दिवाळीपर्यंत गेली नाही. शेवटी एमआरआय काढला आणि ते मोठं पाकीट काखेत मारून घरी आलो.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: एल-४ एल-५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) या ठिकाणी डिस्क डीजनरेशन (झीज), डिफ्यूज बल्ज (पसरट फुगवटा). जिन्यात भेटलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पाकिटाकडे बघूनच निदान केलं. "मणक्यात गॅप आली असंल भाऊ. आमच्या जेठांनाही तेच होतं. आता जन्मभर वजन नका उचलू बाप्पा."

जन्मभर! मी तेव्हा ४३ वर्षांचा होतो.

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना भंडावून सोडून, मिळेल ते वाचून जे उमगलं ते इथे मांडतो आहे. असं पाकीट आज घरोघरी आहे आणि त्यातल्या शब्दांनी कमरेपेक्षा जास्त नुकसान होतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

गादी सरकते का?

आपल्या पाठीत हलू शकणारे २४ मणके असतात: मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो आणि रिपोर्टमध्ये डिस्क. ही चकती कशी असते ते समजायला आपल्याकडची पुरणपोळी आठवा. पुण्याकडची पातळ नव्हे, आपली विदर्भातली, पुरणानं गच्च भरलेली. बाहेर चिवट आवरण, आत मऊ गर. फरक एवढाच, की चकतीचं आवरण एकावर एक अशा अनेक थरांचं असतं आणि वरच्या-खालच्या मणक्यांना ते घट्ट विणलेलं असतं. म्हणून गादी सरकत नसते. बादली उचलताना जागेवरून निसटून बाहेर यावी अशी ती वस्तूच नाही.

पोळी कडेनं जरा फुगली की रिपोर्टवाले त्याला बल्ज म्हणतात. आवरणाला चीर पडून थोडं पुरण बाहेर आलं तर ते हर्निएशन, म्हणजेच प्रोलॅप्स. बाहेर आलेल्या पुरणाचं पुढे काय होतं? ओट्यावर सांडलेल्या पुरणाचं होतं तेच. मुंग्या येतात. शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी त्या गराला परका समजतात आणि हळूहळू खाऊन टाकतात. त्यामुळे उलटंच घडतं: नुसता फुगवटा फारसा बदलत नाही, पण सुटून बाहेर आलेला मोठा तुकडा बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो किंवा नाहीसा होतो.

आणि ती सुप्रसिद्ध गॅप? दोन मणक्यांत अंतर असायलाच हवं, तिथेच तर चकती असते. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं आणि हे अंतर घटतं. तेव्हा गॅप 'येत' नाही, असलेली कमी होते. दिवसभरातही हा खेळ चालतो. रात्री आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. उठल्या उठल्या कंबर आखडलेली वाटते, त्यात या फुगलेल्या चकत्यांचाही वाटा असतो.

ज्यांचं काहीच दुखत नाही, त्यांचे एमआरआय

मला सगळ्यात जास्त हलवलं ते २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं. त्यात आधीच्या ३३ अभ्यासांमधली माहिती एकत्र केली होती. एकूण ३,११० माणसं, आणि त्यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती. त्यांच्या चकत्या तपासल्या तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत झीज होती, पन्नाशीतल्यांत ८० टक्के आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. फुगवट्याचंही तसंच: विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के.

कळमन्याच्या बाजारात संत्री घेताना सालीवरचे डाग बघून कुणी ढीग नाकारत नाही. डाग असतात, ते खरे असतात, पण आतली फोड आंबट की गोड हे ते सांगत नाहीत. एमआरआय खोटं बोलत नाही. फक्त दुखणं कुठे आहे हे त्याला दिसत नाही. पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये 'वयाला साजेसे बदल' असं एक वाक्य जोडलं, तर कितीतरी लोक त्या रात्री शांत झोपतील. माझ्या रिपोर्टमध्ये ते नव्हतं.

मग दुखतं कशानं?

आधी एक व्याख्या. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के रुग्णांत अमुक एका बिघाडाकडे बोट दाखवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. एवढ्या सगळ्यांच्या पाठी मोडलेल्या असणं शक्य नाही.

आता पार्किंगमध्ये चला. आमच्या इमारतीत एकाच्या मोटारसायकलला चोरीचा अलार्म आहे. वर्षभरापूर्वी कुणीतरी ती गाडी खरंच ढकलली. मालकानं अलार्म जास्त संवेदनशील करून घेतला. तेव्हापासून मांजर सीटवर चढलं तरी गाडी बोंबलते, शेजारची स्कूटर घासली तरी बोंबलते, गणपतीत ढोल वाजले की बघायलाच नको. अलार्म खरा आहे, आवाज खरा आहे, झोपमोड तर फारच खरी आहे. चोर मात्र नाही.

वेदना म्हणजे असा अलार्म. स्नायू, सांधे, चकती यांतल्या नसा 'इथे काहीतरी धोका आहे' एवढीच खबर वर पाठवतात. ती किती गंभीर धरायची, हे मेंदू ठरवतो आणि मग दुखतं. १९९५ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एका २९ वर्षांच्या बांधकाम मजुराची हकिगत आली होती. त्यानं उडी मारली आणि १५ सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार वर आला. पाय जरा हलला तरी तो विव्हळत होता, गुंगीची जोरदार औषधं द्यावी लागली. बूट काढल्यावर दिसलं, की खिळा दोन बोटांच्या मधून गेला आहे. पायाला ओरखडाही नव्हता.

कंबर महिनोन्‌महिने दुखत राहिली की नसा आणि मेंदू या कामात तरबेज होतात. तीच खबर आता जास्त मोठ्यानं ऐकू येते. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. आपण अलार्म हळवा झाला म्हणू. अपुरी झोप, ऑफिसातला ताण, घरातलं आजारपण, आणि 'वाकलो तर मणका जाईल' ही भीती, या सगळ्यानं तो आणखी हळवा होतो. मार्चअखेरीस आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांच्या कमरा दुखतात. तेव्हा खुर्च्या बदललेल्या नसतात.

म्हणजे सगळे मनाचेच खेळ?

हा प्रश्न मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंना जरा चिडूनच विचारला होता. मला वाटलं, सौम्य शब्दांत वेड्यात काढून राहिल्या. त्यांनी उलट विचारलं, "लाजल्यावर गाल लाल होतात, ते खोटं असतं का?"

नाही. वेदना खरी असते, शंभर टक्के. ती मेंदूत तयार होते म्हणून काल्पनिक ठरत नाही. दिसणं आणि ऐकणंही तिथेच घडतं. फरक पडतो तो उपायात. घरात चोर असेल तर त्याला पकडावं लागतं. अलार्मच हळवा झाला असेल, तर दाराला दहा कुलपं लावून उपयोग नाही.

कधी कधी खरंच चोर असतो

इथे मात्र गंमत बाजूला. बसताना जो भाग खुर्चीला टेकतो तिथे बधिरपणा आला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, पायातली ताकद झपाट्यानं कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. मेडिकल, मेयो, एम्स, जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथे लगेच पोचा. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, असं असेल तर मणक्याचा टीबी तपासायला हवा. आपल्याकडे तो काही दुर्मीळ नाही आणि वेळेत सापडला तर बहुतेकदा गोळ्यांनी बरा होतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असतील, किंवा पाळी गेलेल्या बाईला साध्या पडण्यानंतर पाठीत एकाएकी दुखू लागलं असेल, तरी लवकर दाखवा. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे आणि त्यातही पाठीची, कमरेची हाडं दुखतात, हे आपल्या भागात विसरून चालत नाही.

आणखी एक निदान वर्षानुवर्षं हुकतं. विशी-तिशीतला मुलगा, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ आखडलेली, आरामानं वाढते, हालचालीनं मोकळी होते, उत्तररात्री दुखण्यानं जाग येते. ही नेहमीची कंबरदुखी नव्हे, सांध्यांच्या सुजेचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा आजार असू शकतो. त्याला वेगळी औषधं आहेत आणि त्यासाठी संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं लागतं.

यातलं काही नाही असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल, तर पुढे वाचा.

पायाळू माणसाची लाथ

उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, त्यानं कमरेला पाय लावला की उसण जाते म्हणे. माझ्या आजोळी असा एक मामा होता. गावभर मागणी, आणि कामं टाकून लाथा मारत फिरावं लागतं म्हणून कायम वैतागलेला.

लोकांना बरं वाटायचं, हे खरंच आहे. नवी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतेच. माणूस मामाला बोलवायचा तो दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेली गोष्ट त्यानंतर उतरणारच, श्रेय ऐन वेळी हजर असलेल्याला. हाच न्याय तेलाला, सुयांना, महागड्या यंत्रांना आणि मी घेतलेल्या निम्म्या औषधांनाही लागू आहे. 'मला अमक्यानं बरं वाटलं' हे वाक्य म्हणूनच जपून ऐकावं.

शेक घ्या, मालिश करून घ्या, त्यात वाईट काही नाही. दुखणं तासभर कमी झालं, तर तो तास चालण्यात घालवा.

पट्टा, ट्रॅक्शन, गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे काही उपचार, भीती आणि सवयींवर काम करणारी मानसोपचार पद्धती, आणि सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांना त्यात जागा आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ताणणं म्हणजे ट्रॅक्शन, आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं नेहमीसाठी नकोत असं त्यात म्हटलं आहे. ट्रॅमाडॉल त्याच जातीचं.

मी पट्टा सात महिने वापरला. शर्टाच्या आत तो घट्ट आवळला की सुरक्षित वाटायचं, आणि न बांधता बाहेर पडलो की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पाय टाकवत नसे. पट्टा कमरेला कमी आणि भीतीला जास्त आधार देत होता.

गोळ्यांबद्दल नागपूरकरांसाठी एक सूचना. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतल्या तर ठीक. पण ४५ अंशांच्या उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मेडिकल स्टोअरमधून परस्पर गोळ्यांची पट्टी आणू नये.

कडक फळीवर झोपण्याचा सल्लाही आपल्याकडे फार चालतो. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली होती.

दावणीचा बैल

उन्हाळाभर दावणीला बांधलेला बैल कोणताही शहाणा शेतकरी पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वखराला जुंपत नाही. आधी तासभर, मग दोन तास. आपण स्वतःच्या कमरेला मात्र हा न्याय लावत नाही. बरं वाटलं त्या रविवारी पंखे पुसतो, माळा आवरतो, गाडी धुतो. मग सोमवार ते गुरुवार आडवे. असं सहा महिने केलं की मेंदूची खात्री पटते, की काम म्हणजेच धोका.

उपाय कंटाळवाणा आहे, आधीच सांगतो. वाईट दिवशीही जमेल इतकंच ठरवायचं. मी फुटाळा तलावाच्या काठानं आठ मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. बरं वाटलं तरी आठ, दुखलं तरी आठ. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची. चालणं स्वस्त आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सगळे नुकतेच कंबरदुखीतून बाहेर आलेले. ज्यांना टप्प्याटप्प्यानं चालणं वाढवायला शिकवलं, त्यांचं दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले. बाकीच्यांचं ११२ दिवसांत परतलं.

कोणता व्यायाम सर्वांत चांगला? योगासनं, पोहणं, वजनं, सूर्यनमस्कार, यांत मोठा विजेता कुणी नाही. जो तुम्ही पुढच्या पोळ्यालाही करत असाल, तो. बसण्याचंही तसंच. ताठ बसा म्हणून पोरांच्या मागे लागण्यापेक्षा दर अर्ध्या तासानं उठायला लावा.

टाळत आलेल्या हालचालीही परत आणाव्या लागतात. माझ्या बाबतीत ती वाकण्याची होती. दीड वर्ष मी चपला पायानंच ओढून घालत होतो. पहिल्यांदा वाकून नाडी बांधली तेव्हा कपाळाला घाम फुटला होता, आणि ती नाडी तिसऱ्यांदा सुटली तेव्हा बायको हसली.

आणि व्यायामानं वाढलं तर?

वाढेल. पहिल्या महिन्यात तर नक्कीच कधीतरी वाढेल. दुखणं म्हणजे दुखापत नव्हे, हे इथे कामी येतं. माझा नियम असा: व्यायामानंतरचं जास्तीचं दुखणं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरलं तर मात्रा तशीच ठेवायची. नाही उतरलं तर थोडी कमी करायची. बंद करायची नाही. मांजर चढल्यावर अलार्म वाजला, तुम्ही जाऊन बघितलं, काही झालं नव्हतं. असं पुष्कळदा झालं की अलार्म शिकतो.

पलंगावर पडून राहण्याचा सल्ला तर १९८६ पासूनच डळमळीत आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका प्रयोगात काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. बरे दोघेही सारखेच झाले. सात दिवसवाल्यांच्या रजा तेवढ्या जास्त गेल्या.

पण आमच्या भावजींना ऑपरेशननंच बरं वाटलं!

वाटलं असेल. त्यांना विचारा, दुखत काय होतं, कंबर की पाय? नस दाबली जाऊन कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते, त्याला सायटिका म्हणतात, आणि त्यासाठी ऑपरेशनचा खरा उपयोग होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात २८३ सायटिकाचे रुग्ण होते. लवकर ऑपरेशन केलेले लवकर बरे झाले, थांबून बघणारे उशिरा. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, तेही सांगायला हवं. म्हणजे वेदना सहन होत असेल आणि ताकद जात नसेल, तर थांबून बघायला जागा आहे. नुसत्या कमरेच्या जुनाट दुखण्यावर, रिपोर्टमधला फुगवटा बघून चाकू लावायची घाई कुणी करत असेल, तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

माझी कंबर अजूनही दुखते, महिन्यातून दोन-तीन दिवस. पाकीट कपाटामागे आहे. पट्टा काकू मागून घेऊन गेल्या, नको म्हटलं तरी.

या मे महिन्यात कूलर मीच भरतो आहे. अर्धी बादली डाव्या हातात, अर्धी उजव्या. टाकी भरायला सात फेऱ्या होतात. परवा काकू दारातून बघत होत्या. सहाव्या फेरीला त्यांना राहवलं नाही.

"अजी भाऊ, एवढ्या चकरा काऊन मारून राहिले? पाइप नाही का घरात?"

"आहे ना काकू. गच्चीवर गुंडाळून ठेवलाय."